फुटाला अर्धा इंच

१

रोज सकाळी साडेसातला विश्वंभरराव घरी फोन लावत. इंग्लंडातल्या त्या छोट्या गावात तेव्हा खिडक्यांचे पडदेही उघडलेले नसत, आणि आखाडा बाळापुरात दुपारचे बारा वाजून मालनबाई भाकरी खाऊन उंबऱ्यात टेकलेल्या असत.

विश्वंभरराव भूमी अभिलेख खात्यातले निवृत्त मोजणीदार. छत्तीस वर्षं त्यांनी कळमनुरी तालुक्यातले बांध मोजले. दोन भावांत कज्जा लागला की हे जायचे, मोजायचे, हद्दीचा दगड रोवायचे आणि दोघांच्याही घरचा चहा पिऊन परत यायचे. अमक्या बांधावर तिन्हीसांजेला काहीतरी दिसतं असं कुणी सांगितलं, तर ते नकाशा उलगडून विचारायचे, "कोणत्या गटात?"

मुलगी साधना तिकडे दवाखान्यात नर्स होती. तिनं आईबाप दोघांचीही तिकिटं काढली होती. पण निघायला आठ दिवस असताना मालनबाईंनी अंग काढून घेतलं. "शेळीला कोन बघंल? आन् तेवढा वेळ कोंडून बसनं मला जमायचं न्हाई. तुमी जाऊन या." म्हणून विश्वंभरराव एकटेच दोन महिन्यांसाठी आले होते.

एप्रिलातल्या त्या शनिवारी मालनबाई फोनवर म्हणाल्या, "आंगन रोज ओलं व्हऊन राहिलं."

"कशानं?"

"तेच तं समजंना. चारला उठते तं ओलंच. पंधरा दिवस झाले."

"टाकी गळत असंल."

"टाकी बराबर हाय. म्या चारी बाजूनं हात लावून बघितला."

"मग कुनी सडा टाकत असंल."

"आपल्या आंगनात? फाटकाला आतून कडी असती. आन् सडा न्हाई त्यो. वरून बारीक थेंब पडल्यावानी दिसतंय. लिंबाचा पालाबी ओला. गल्लीत बघावं तं कोरडं ठक्क."

विश्वंभररावांनी क्षणभर विचार केला आणि कालव्याला पाणी सुटलं असेल, त्याची वाफ रात्री धरत असेल, असं समजावून सांगितलं. मालनबाई "व्हय, तसंच असंल," म्हणाल्या. पटलं नाही की त्या असंच म्हणायच्या, हे त्यांना चाळीस वर्षांच्या संसारात ठाऊक झालं होतं.

२

त्या दिवशी साधनाला सुट्टी होती. जेवताना ती म्हणाली, "आबा, गावातल्या बागवाल्या मंडळींचं फुलांचं प्रदर्शन आहे आज. बघून येऊ. तुम्हाला आवडेल, हे लोक फुलंसुद्धा पट्टी लावून मोजतात."

प्रदर्शन गावच्या सभागृहात होतं. वारंगा फाट्यावरच्या मंगल कार्यालयाच्या निम्म्यानंही नसेल एवढी जागा. लाकडी जमीन, पाय ठेवला की करकरणारी. ओल्या मातीचा, चहाचा आणि माणसांच्या लोकरी कोटांचा मिळून एक वास कोंडलेला. लांब टेबलांवर पांढरे कागद अंथरून बाटल्या मांडलेल्या, एका बाटलीत एकच पिवळं फूल. प्रत्येकासमोर चिठ्ठी. कुणाला लाल पट्टी, कुणाला निळी.

विश्वंभरराव खूश झाले. दोन फुलांतला फरक त्यांना कळत नव्हता, पण कुणीतरी तो मोजून ठरवलाय, याचं त्यांना समाधान वाटलं. पांढऱ्या केसांच्या बाया त्यांच्याकडे बघून हसत, तेही मान लववत. एकीनं त्यांना चहाचा कप आणून दिला.

सभागृहाच्या टोकाला, खिडकीखाली, वेगळं टेबल होतं. साधना म्हणाली, "हे ताटातले बगीचे. एका ताटात अख्खी बाग करायची."

सात-आठ ताटं होती. आरशाच्या तुकड्याचं तळं, काडेपेटीच्या काड्यांचा पूल, शेवाळाची हिरवळ. विश्वंभरराव हातातला चहा सांभाळत एकेक बघत गेले. शेवटच्या ताटात हिरवळ नव्हती. तपकिरी मातीचं मोकळं अंगण होतं. बक्षिसाची पट्टीही नव्हती. ते पुढे गेले, दाराजवळ पोचले, आणि मग कुणी मागून सदरा धरावा तसे थांबले.

ते परत आले. खाली वाकले.

कोपऱ्यात पत्र्याचं मोरीघर. त्याला लागून काळी टाकी, कुठल्याशा डबीच्या झाकणाची केलेली. मधे तुळस. पूर्वेला लिंब, म्हणजे बारीक पानांची एक डहाळी. लिंबाखाली बाज. मोरीपुढे धुण्याचा दगड, डावीकडचा कोपरा उडालेला. तो कोपरा साधनाच्या बारशाच्या आदल्या दिवशी मुसळ पडून उडाला होता. घराच्या दाराला दोन पायऱ्या, खालची उंच आणि वरची बुटकी, कारण गवंड्यानं दुपारी ताडी घेतली होती.

त्यांनी चहाचा कप टेबलावर ठेवला.

"साधना," ते म्हणाले, "हे कोनाचं घर हाय?"

तिनं पाहिलं. "अरे वा. आपल्याकडच्यासारखं केलंय की."

"आपल्याकडच्यासारखं न्हाई. आपलंच हाय."

३

खिशात तीन मीटरची टेप असल्याशिवाय विश्वंभरराव घराबाहेर पडत नसत. त्यांनी ती काढली.

"आबा, लोक बघून राहिलेत," साधना हळू आवाजात म्हणाली. "सगळीच अंगणं सारखी असतात. लिंब, तुळस, टाकी. कुठंतरी फोटो बघितला असेल."

विश्वंभररावांनाही तेच हवं होतं. एक चूक सापडली की सुटलो. त्यांचं अंगण चौकोनी नव्हतं. उत्तरेची भिंत बत्तीस फूट आणि दक्षिणेची एकतीस, कारण शेजाऱ्याशी तंटा नको म्हणून त्यांनी बांधतानाच एक फूट सोडला होता. हे कुठल्या फोटोत दिसणार नव्हतं. डोळ्यालाही कळायचं नाही.

ताटाची वरची कड सोळा इंच भरली. खालची साडेपंधरा.

फुटाला अर्धा इंच.

त्यांनी टेप मिटली. मग त्यांना लिंबाची खालची फांदी दिसली. ती मोडून बाजेजवळ पडली होती. आपल्या लिंबाला सगळ्या फांद्या शाबूत होत्या. त्यांनी एवढा मोठा सुस्कारा सोडला की शेजारची बाई वळून पाहू लागली.

ती बाईच ताटाची मालकीण निघाली. सत्तरीची, बारीक, हातावर मातीच्या रेघा. नाव पेगी. साधना मधे उभी राहून दोघांचं बोलणं इकडचं तिकडे करू लागली.

"ती कधी भारतात गेलेली नाही. ती म्हणते, हे स्पेन असेल असं मला वाटत होतं."

"मग केलं कशावरून?"

"करायला बसलं की हाताला जसं सुचतं तसं होत जातं, म्हणते. दर हिवाळ्यात एक करते. लाकूड कापताना जरा वाकडं गेलं, त्याबद्दल माफ करा म्हणते."

"पानी कवा घालती, विचार."

साधनानं त्यांच्याकडे नीट पाहिलं, पण विचारलं. "पंधरा दिवसांपूर्वी डहाळी लावली तेव्हापासून रोज. झोपायच्या आधी, साडेदहाला. बारीक फवारा मारते."

साडेदहा आणि मधला साडेचार तासांचा फरक. पहाटेचे तीन.

"आन् ही फांदी?"

पेगीबाईंनी हळहळून हात हलवला. साधना म्हणाली, "आज सकाळी इथं आणताना गाडीत धक्का बसून मोडली. नऊ वाजता."

४

त्यांनी तिथंच फोन लावला. बाळापुरात संध्याकाळचे सव्वासात झाले असतील. मालनबाईंनी उचलल्या उचलल्या विचारलं, "आज दोनदा? बरं हाय न्हवं?"

"बरं हाय. तिकडं काय?"

"काय न्हाई. लिंबाची फांदी पडली."

विश्वंभररावांनी टेबलाची कड धरली.

"खालची. बाजेपाशी येऊन पडली. शेळी तिथंच बांधली व्हती, वीतभरानं वाचली. वारं न्हाई, काई न्हाई. धरनी हालल्यावानी झाली आन् कडाकड मोडली. शेजारचा मोहनसिंग बघून गेला, म्हने आतून कीड असंल. पन आतून चांगली पांढरी हाय."

"किती वाजता?"

"दीड वाजला असंल. काहून?"

समोर ताटात बाज होती, मोडकी फांदी होती, घराचं मिटलेलं दार होतं. त्या दारापलीकडे बाई कानाला फोन लावून उभी आहे, हे त्यांना एकदम इतकं स्वच्छ जाणवलं की त्यांनी तोंडावर हात धरला, श्वास ताटावर पडू नये म्हणून.

"मालन, तू चार दिवस पुसेगावला बहिनीकडं जा."

"शेळी घेऊन जाऊ का डोस्क्यावर? तुमाला झालं काय?"

मागे घंटा वाजली. तीनला प्रदर्शन बंद व्हायचं होतं, पण मंडळी आत्ताच आवराआवर करायला लागली होती. कुणी बाटल्या बादलीत रिकाम्या करत होतं. शेजारच्या ताटाची मालकीण आरशाचं तळं काढून पुसत होती. पेगीबाईंनी कोपऱ्यातून एक काळी पिशवी आणली, तिचं तोंड पसरलं आणि ताटाला हात घातला.

विश्वंभररावांनी त्यांचं मनगट धरलं.

असं ते आयुष्यात कुठल्या परक्या बाईशी वागले नव्हते. साधना लाजेनं लालभडक झाली, भराभर माफी मागू लागली. पेगीबाई घाबरल्या नव्हत्या, नुसत्या चकित झाल्या होत्या.

"तिला सांग, ओतू नको. मला दे. काय पाहिजे ते घे."

"ती म्हणते, घ्या की. ती दरवर्षी घरी नेऊन गुलाबाच्या वाफ्यात ओतते."

"दरवर्षी?"

"अकरा वर्षं झाली, म्हणते. एकदा निळ्या दाराचं घर होतं. एकदा नदीकाठी होडी होती. आजवर कुणी ओळखलं नव्हतं, तुम्ही पहिलेच." साधनानं शेवटचं वाक्य सांगितलं आणि बापाचा चेहरा बघून ती थांबली. "आबा, खाली बसा. आबा."

५

ताट साधनाच्या घरी आलं. गाडीत विश्वंभररावांनी ते मांडीवर धरलं, भरल्या घागरीसारखं. तिला त्यांनी सगळं सांगितलं. ती ऐकून घेत राहिली, जशी दवाखान्यात म्हाताऱ्या पेशंटांचं ऐकत असेल तशी. मग तिनं त्यांचा रक्तदाब मोजला. थोडा वाढला होता.

"ठीक आहे," ती म्हणाली. "मी सांभाळते. मागच्या खोलीत ठेवू. वर प्लॅस्टिकचा मोठा डबा उपडा घालू, म्हणजे कुणाचा धक्का लागायचा नाही. झालं समाधान?"

झालं. दुसऱ्या दिवसापासून अंगण ओलं होणं बंद झालं. मालनबाईंनी तसं फोनवर सांगितलं. योगायोग म्हणायला आता जागा उरली नव्हती. मोजणी एकदा चुकते. दोनदा तोच आकडा आला की सही करावीच लागते.

विमानात माती नेता येत नाही, हे साधनानं चौकशी करून सांगितलं. आणि मालनबाईला तिथं एकटी ठेवून राहणं त्यांना शक्य नव्हतं. मे महिन्याच्या मध्याला ते परत निघाले. दारातून जाताना त्यांनी मागच्या खोलीत डोकावलं. डब्याच्या आतून वाफेचे थेंब जमले होते.

६

नांदेडहून केलेली गाडी फाटकाशी थांबली तेव्हा दुपार टळत होती. गल्लीत उष्ण वारं सुटलं होतं, कागद उडत होते, कुठंतरी टेम्पोचा हॉर्न अडकून पडला होता. विश्वंभररावांनी फाटकातून पाऊल आत टाकलं आणि हॉर्न बंद झाला.

ते मागे सरले. हॉर्न वाजत होता. पुन्हा आत आले. काहीच नाही. कानात पाणी गेल्यावर होतं तसं.

"शेळी आत यायला तयार न्हाई," मालनबाई म्हणाल्या. त्या वाळल्या होत्या. "म्हनून भाईर बांधली. चिमन्याबी येईनात. तुमी म्हनाल वय झालं, पन मला आंगनात दम लागतो."

लिंबाचं एक पान हलत नव्हतं. भिंतीपलीकडे शेजाऱ्याचा लिंब वाऱ्यानं झोडपला जात होता. श्वास घ्यायला हवा होती, पण ती कालची, परवाची, महिन्यापूर्वीची होती. तुळस पिवळी पडली होती.

त्यांनी बॅग खाली ठेवायच्या आधी साधनाला फोन लावला. "डबा काढ."

"आबा, पोचलात का? तुम्हीच तर म्हणाला होतात…"

"काढ बाळा. हळू काढ."

आधी आवाज आला. मोठ्या हंड्यावरचं झाकण उचलावं तसा, सगळीकडून. मग हॉर्न, कबुतरं, दूरवरचा पाण्याचा पंप, सगळं एकदम अंगणात कोसळलं आणि लिंब सळसळला. मालनबाईंनी डोळे मिटून मोठा श्वास घेतला.

फोनवर साधना म्हणत होती, "वाळून चाललंय सगळं. थोडं मागच्या पायरीवर ठेवते, मोकळ्यावर."

टाकीजवळच्या भरल्या बादलीतलं पाणी एका बाजूला चढलं. बादली जागेवर होती. पाणी तेवढं तिरकं झालं, काठावरून सांडलं, मग दुसऱ्या बाजूला गेलं आणि हळूहळू सपाट झालं. मालनबाईंनी दाराची चौकट धरली होती. "मला चक्कर आली का?" त्यांनी विचारलं.

"न्हाई," विश्वंभरराव म्हणाले. "मलाबी आली."

७

पहाटे ते उठले तेव्हा अंगण चिंब होतं. तिकडे रात्री भुरभुर पाऊस झाला असावा. एवढ्याचं त्यांना नवल वाटलं नाही. उजाडलं तसं दुसरं काही दिसलं.

पूर्वेच्या भिंतीवरून एक चकचकीत पट्टा खाली उतरला होता. हातभर रुंद. अंगणातून वळणं घेत तो तुळशीपाशी गेला होता. तुळशीला पान राहिलं नव्हतं, नुसती खोडं होती, आणि खोडांची साल कानशीनं घासल्यासारखी निघालेली. तिथून पट्टा धुण्याच्या दगडाकडे गेला होता. दगड एका बाजूनं चार बोटं उचलला गेला होता. पट्टा त्याखाली शिरला होता. बाहेर आलेला नव्हता.

त्यांनी काठीचं टोक पट्ट्याला लावलं. उचललं तेव्हा चिकट तार निघाली.

त्यांनी मालनबाईंना आत बसवलं, दाराला कडी घातली आणि तेव्हा सगळं सांगितलं, प्रदर्शनापासून. ऐकून मालनबाई म्हणाल्या, "मंग तिला सांगा, काढून टाक म्हनावं." भाजीतली अळी काढायला सांगावं तसं.

साधनाची रात्रपाळी होती. साडेअकराला, म्हणजे तिकडे सातला, तिनं घरी पोचून फोन उचलला. ऊन डोक्यावर आलं होतं. विश्वंभरराव दार उघडून पायरीवर उभे राहिले. मालनबाई मागोमाग आल्या, ते नको म्हणत असताना.

"हो, आहे की," साधना म्हणाली. दमल्या आवाजात हसू होतं. "त्या दगडाखाली. बिनशंखाची गोगलगाय. इथं पावसात फार होतात. शेपूट दिसतंय. थांबा."

"हातानं नको."

"चिमटा आहे माझ्याकडे."

"हळू. तुझी आई इथं उभी हाय."

"बरं आबा."

अंगणातलं ऊन गेलं. गल्लीत होतं, शेजारच्या पत्र्यावर होतं, एवढ्या बत्तीस-एकतीस फुटांतलं तेवढं गेलं. विश्वंभररावांनी वर पाहिलं नाही. त्यांनी जमिनीवर नजर रोवली. तिथं सावलीतून दोन लांब, सरळ टोकं निघाली आणि दगडाच्या दोन्ही बाजूंनी एकमेकांकडे आली. दगड घासला गेला. त्याखालून काहीतरी ओलं, जमिनीला चिकटलेलं, ओढून सुटल्याचा आवाज आला. तो बराच वेळ चालला. मग कोमट वाऱ्याचा एक झोत आला, गेला, पुन्हा आला. कुणीतरी श्वास घेत होतं.

शेजारी मालनबाई पायरी उतरून दोन पावलं पुढे गेल्या होत्या. त्यांची मान पूर्ण वर झाली होती. त्या बाजेला धरून खाली मातीत बसल्या.

फोनमधे धातू फरशीवर पडल्याचा बारीक आवाज झाला. त्याच वेळी जमीन धडधडली आणि टाकीचं झाकण खडखडलं. मग दोन्हीकडे शांत.

"आबा," साधना म्हणाली. आवाज तिचा वाटत नव्हता.

"हं."

"आई आत्ता खाली बसली का?"

सावली हलत नव्हती. मालनबाईंनी कपाळाशी पदर धरला होता, उन्हाला धरतात तसा, जरी ऊन नव्हतं, आणि त्या वर बघत होत्या, डोळे न हलवता.

"झोपत न्हाई वाटतं पोरगी," त्या हळूच म्हणाल्या. "डोळ्याखाली किती काळं झालंय."